हिरवी नळी

जव्हार
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुनिता हिस,
रोहिणीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सूर्यमाळला फोन लागत नाही म्हणून हे पत्र गोरखच्या जीपमधून. तुमच्या नव्या सिमेंटच्या घराचं काल घरभरणीला पाहुण्यांसमोर मी तोंडभरून कौतुक केलं. आता खरं लिहिते. दवाखान्यातल्या नोकरीत तीस वर्षं मी भाजलेल्या बायकांना मलम लावलं. त्यातल्या एकीच्याही घरी आदल्या दिवसापर्यंत काही झालेलं नव्हतं.

तुमची गॅसची शेगडी जमिनीवर, आणि सिलिंडर तिच्या शेजारी आडवा. का, तर तुझी सासू, हौशीवहिनी म्हणते की आडवा केला म्हणजे तळातला गॅस वाया जात नाही. मग ती हिरवी नळी. टाकीवरून पाणी घ्यायला आणलेली, तीच कमलेशने कापून गॅसला जोडली. माझा भाचा, पण अक्कल कुठून आणली कोण जाणे. पाण्याची नळी गॅसने मऊ पडते आणि एक दिवस तडकते. जवळच पाटीत राखेखाली झाकलेले निखारे. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. जुन्या घराच्या कारवीच्या कुडातून निघून तरी गेला असता. या भिंतींतून कुठे जाईल?

बोर्डिंगात आमच्या सिस्टर स्वयंपाकघराचं बटण बंद आहे का ते तीनदा बघून यायला लावत. आम्ही त्यांना खाष्ट म्हणायचो. आता मला म्हणतात, खुशाल म्हणोत.

सोबत खास गॅसची, आत तार असलेली नारिंगी नळी पाठवते आहे, ती लावून घे. सिलिंडर उभा ठेव. शेगडी ओट्यावर चढव. तुला आठवा सरत आलाय, वाकून फुंकत बसू नकोस.

जिवादादाला आठवण सांग. तुझ्या जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझी आत्या
रोहिणी

सूर्यमाळ
१७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आत्याबाईंस,
सुनिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मामंजी हसले. म्हणाले, रोहिणी लहानपणी भाकरीलासुद्धा ओरडायची. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिला म्हणावं तू जव्हारला राहा, आमच्या चुलीला मी बघते.

नळी मिळाली. नवीन वस्तू म्हणून सासूबाईंनी हळदकुंकू लावून ती देवाजवळ ठेवली आहे. तुमचा भाचा ठाण्याच्या कामावरून आला की तोच बसवेल, बाईमाणसाने सिलिंडरला हात लावू नये म्हणतात. जुन्या घरातले निखारे नव्या घरात एक वर्ष विझू द्यायचे नाहीत, म्हणून पाटी आतच आहे. सिलिंडर मी उभा केला होता, दुपारी पाहिला तर परत आडवा.

सकाळी उठल्यावर घरात वास येतो. सासूबाई म्हणतात सुकट ओली झाली. आम्ही सगळी सुकट उन्हात घातली. वास गेला नाही. आमच्या जामसरच्या सुकटीला असा वास नसतो, असं मी म्हटलं, तर माहेरची मोठी आली म्हणून टोमणा मिळाला.

इथे थंडी फार, खिडक्यांना गोणपाट लावलंय. तुम्ही शाल घेत जा. आमच्यावर रागावलात तरी माया कमी करू नका.
आपली
सुनिता

जव्हार
२० डिसेंबर २०२४

चि. सुनितास आशीर्वाद.

ती सुकट नाही. नळी देवाजवळ ठेवून देव ती बसवणार आहे का? साबणाचं पाणी कर आणि हिरव्या नळीवर लाव. फुगे आले की बटण बंद कर, दारं-खिडक्या उघड आणि बाळाला पोटात घेऊन बाहेर हो. मग मला कळव. घरभरणीच्या फेरीपासून माझा गुडघा जीपमध्ये बसू देत नाही, नाहीतर मीच येऊन सगळं उखडलं असतं.

हौशीवहिनीला नमस्कार सांग. मनापासून सांगते असंही सांग.
रोहिणीआत्या

सूर्यमाळ
७ जानेवारी २०२५, दुपार

तीर्थरूप आत्याबाईंस नमस्कार. वि. वि.

मुलगा झाला, हे गोरखने सांगितलंच असेल. दवाखान्यातून परवा आले. आज पाचवी. दिवस मावळता सटवाईपुढे दिवा लावायचा आहे.

तुमचा भाचा अजून आला नाही, तुमची नळी देवाजवळच आहे. साबणाचं पाणीही इतके दिवस सासूबाई लावू देईनात, ते आज लावलं. नळी सिलिंडरकडच्या तोंडाला चिरली आहे, फुगे मावेनात. मी बटण बंद केलं. पाहुण्यांचा स्वयंपाक राहिलाय म्हणून सासूबाईंनी उघडलं. मी गोणपाट काढलं, पोराला वारं लागेल म्हणून त्यांनी परत कोंबलं. मी रडले तेव्हा म्हणाल्या, बाळंतिणीचं डोकं आहे ते, फिरतंच. मामंजी सुईणीला आणायला गेले आहेत.

मी पोराला घेऊन जुन्या घरात, शेळ्यांजवळ येऊन बसले आहे. पाचवीआधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडली, असं पाड्यात बोलायला लागलेत. सासूबाई म्हणतात, तू नाहीस तरी दिवा बाळाच्या जागीच लागेल, देवीला जागा बदललेली चालत नाही. त्यांना कसं अडवू ते कळत नाही. जीप निघाली, थांबते.
सुनिता

नाशिक, इस्पितळ
९ जानेवारी २०२५

चि. सुनितास,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र मला त्याच रात्री मिळालं, तोवर जिवादादा वहिनीला घेऊन नाशिकच्या वाटेला लागला होता. मी काल गोरखच्या जीपने इथे आले. गुडघ्याचं काय, बसवला की बसतो. हे मला महिन्यापूर्वी कळायला हवं होतं.

वहिनीचे दोन्ही हात आणि चेहरा भाजलाय. डॉक्टर म्हणतात तीन दिवस काही सांगता येणार नाही. काल ती शुद्धीवर असताना म्हणाली की काडी ओढली आणि जमीनच पेटली. पाड्यातले दोघे बघायला आले होते. तू उंबरा ओलांडलास म्हणून देवी कोपली असं वहिनीच्या उशाशी बोलत होते. मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, सिस्टरांनी ते शिकवलेलं नव्हतं.

आता नीट वाच. कमलेश ठाण्याहून इथेच आला. भिंतीला टेकून रडताना त्याने मला सांगितलं की त्या हिरव्या नळीचं पूर्ण भेंडोळं होतं. घरभरणीला आलेल्यांना रित्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून पाड्यात ज्यांच्याकडे गॅस आहे त्या नऊ घरांना त्याने एकेक तुकडा कापून दिला. सगळ्यांनी कौतुकाने जोडलाय. बुध्याकडे, रुपीकडे, बाकीची नावं मागे लिहिली आहेत. त्याला रक्त द्यायला डॉक्टरांनी थांबवून घेतलंय. गोरखला मी सांगितलंय, पण त्याचं कोण ऐकतं. जीप चारपर्यंत पोचेल, तुमच्याकडे चुली पाचला पेटतात.

आधी रुपीकडे जा, तिची तान्ही पोर जमिनीवर निजते. काही पेटवू देऊ नकोस. बटण बंद, मग दारं उघडी, मग बोलणं. सोयर फिटलेलं नाही म्हणून तुला दारातच अडवतील, शिव्या देतील. आत जा.

मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांगायला आज थांबू नकोस. मुलाला जिवादादाच्या जुन्या घोंगडीत गुंडाळ आणि सोबत घे.
तुझी
रोहिणीआत्या