ऑल्दोनंतरचं वाक्य

सोमवार, दि. १४
सकाळचे साडेनऊ

भिंगरे,

आधी एक ऐक. हे पत्र कारखान्यातच वाच आणि वाचून झालं की तुमच्या सुपरवायझरबाईंकडे परत दे. घरी नेऊ नकोस. आता रीतीप्रमाणे विचारतो, कशी आहेस? मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझाच गुडघा तो, कुरकुरणारच.

मराठीत लिहितोय, बघितलंस ना? तुझं लग्न झाल्यापासून आपला नियम होता की पत्रं इंग्रजीत लिहायची, तुझा सराव सुटू नये म्हणून. तू लिहायचीस आणि मी लाल पेनाने तपासून, दहापैकी मार्क देऊन, तळाला 'तपासले' लिहून तुलाच परत पाठवायचो. आई म्हणायची, याच्या हातात लग्नपत्रिका दिली तर हा आधी ऱ्हस्व-दीर्घ बघेल, मग विचारेल लग्न कुणाचं. सगळे हसायचे. मीही हसायचो, वर कौतुक झाल्यासारखा.

क्लास बरा चाललाय. हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्या. खाली पत्रा कापायला लागले की वर मला ओरडून शिकवावं लागतं. सकाळच्या तुकडीत यंदा सगळी मोठी माणसं आहेत. त्यात एक टॅक्सी ड्रायव्हर आहे आणि दवाखान्यातल्या एक नर्सबाई आहेत. पन्नाशीच्या, फटकळ, गृहपाठ कधी करत नाहीत आणि वर मलाच दटावतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

गेल्या सोमवारी 'ऑल्दो' शिकवत होतो. मराठीत 'जरी' आला की पाठोपाठ 'तरी' येतोच, 'जरी'ला एकट्याने जायची सवय नाही. इंग्रजीत 'ऑल्दो' एकटा पुरतो, त्याच्या जोडीला 'बट' लावायचा नाही. आपली माणसं हटकून लावतात. तूही लावायचीस. आणि दुसरी गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर लिहून देतो की 'ऑल्दो' ज्या वाक्याला लागतं ते नुसतं प्रस्तावना असतं. माणसाला जे खरं सांगायचं असतं ते दुसऱ्या वाक्यात असतं, तिकडे लक्ष द्या. वीस वर्षं शिकवतोय हे. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहीत बसलोय. मुद्द्यावर यायचं टाळतोय, कळतंय मला.

माझी चुकांची वही तुला माहीत आहे. कुणाचीही चांगली चूक सापडली की मी त्यात उतरवून ठेवतो, उदाहरणाला बरी पडते. त्या दिवशी वहीतलं एक वाक्य फळ्यावर लिहिलं. 'ऑल्दो ही इज गुड टू एव्हरीवन, बट आय ॲम अफ्रेड ॲट होम.' विचारलं, काय चुकलं? ड्रायव्हर म्हणाला, बट. मी शाबास म्हटलं आणि बट खोडला. नर्सबाईंनी हात वर केला.

"सर, बट गेला ते ठीक. पण ही बाई घरात कुणाला घाबरते?"

मी म्हटलं, "अहो, उदाहरण आहे ते."

"कुणीतरी लिहिलंय ना पण? मग पुढे काय झालं तिचं?"

भिंगरे, मी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मराठीत. जरी तो सगळ्यांशी चांगला वागतो, तरी मला घरात भीती वाटते. हे तू मला लिहिलं होतंस. सात महिन्यांपूर्वी, निळ्या कागदावर. मी बटभोवती लाल गोल काढला, समासात 'किती वेळा सांगायचं?' असं लिहिलं आणि सहा मार्क दिले. 'अफ्रेड'मध्ये तू दोन एफ घातले होतेस, त्यातला एक खोडला. म्हणजे माझं पेन त्या शब्दावर थांबलं होतं गं. थांबलं आणि एफ खोडून पुढे गेलं.

आणि मग ते पत्र मी परत पाठवलं. घरच्या पत्त्यावर.

त्यानंतर तुझं पत्र नाही. मला वाटलं, सहा मार्कांवरून रुसली. फोन केला तर मेहुण्यांनी घेतला. म्हणाले, "ती कामात आहे." मग हसले. "सर, सहा मार्क जरा जास्तच दिलेत बहिणीला." मीही हसलो. "यापुढे कमी देईन," म्हणालो. हे सांगायलाच मला इतकी पानं लागली. तुझं पत्र त्याने फोडून वाचलं होतं, ते मीच त्याच्या हातात दिलं होतं, आणि वर त्याच्याबरोबर हसलो. त्या संध्याकाळी तुझ्यावर काय गुजरलं ते मी विचारत नाही. विचारायचं तोंड नाही मला.

वर्ग सुटल्यावर मी नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सरळ तुमच्या कारखान्यात फोन लावला. सुपरवायझरबाई म्हणाल्या, कुणीतरी विचारेल म्हणून वाटच बघत होते. तू भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालतेस हेही त्यांनी सांगितलं.

मी घरी येणार नाही. आलो तर तुझा नवरा माझ्यासमोर गोड बोलेल, आणि मी निघाल्यावर दार लागेल. म्हणून असं ठरलंय. नर्सबाई उद्या स्वतः हे पत्र घेऊन येतील. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरबाई तुला मागच्या फाटकातून बाहेर सोडतील. बाहेर पांढरी गाडी असेल. गाडी आपल्या ड्रायव्हरची, पुढे नर्सबाई, मागे मी. बरोबर काही आणू नकोस, कपडे घ्यायला म्हणून घरी जाऊ नकोस. क्लासच्या पुढच्या खोलीतली बाकं मी गच्चीवर नेली आहेत, तिथे तुझी खाट टाकली आहे. कडी आतून लागते. काल सुतार बोलावून नवी बसवून घेतली.

येशील का नाही, मला माहीत नाही. एकदा जीव मुठीत धरून तू मला लिहिलंस आणि मी काय केलं ते तू बघितलं आहेस. माझ्यावर पुन्हा विश्वास टाक, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तू गाडीत बसलीस आणि इथे पोहोचेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस, तरी चालेल. गुरुवारी जमलं नाही तर शुक्रवारी तिथेच असू. नंतर शनिवारी. वर्गाला सुट्टी दिली आहे.

जरी तू मला माफ केलं नाहीस, तरी मी फाटकाशी उभा असेन.

न तपासता पाठवतोय,
दादा