बाबा, उद्या ‘या, बसा’ मी करणार आहे

प्रिय बाबा,

उद्या शनिवार. सकाळी आठ वाजता तुमच्या खुर्चीत मी बसणार आहे आणि खरं सांगू? मला भयंकर भीती वाटतेय. म्हणून हे पत्र. आज ऑफिसातून लवकर निघाले, गुरुग्रामच्या घरी येऊन चहा ठेवला आणि वाटलं, ज्या माणसाला विचारायचं तो नाही, तर निदान लिहून तरी टाकावं.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. एवढे दिवस तुमच्या ‘या, बसा’च्या वेळेत रेडिओवाले जुनी रेकॉर्डिंग लावत होते. परवा स्टेशनच्या मॅडमचा फोन आला. कार्यक्रम बंद करायचा की कोणी पुढे चालवणार, एवढंच त्यांनी विचारलं. मी ‘बंद करा’ म्हणणारच होते. तेवढ्यात मागून तुमच्या राजबीरचा आवाज आला. साउंडचं मशीन सांभाळणारा तुमचा हरियाणवी चेला! “दीदी, आठ बजे लोग अब भी फ़ोन करते हैं. पूछते हैं, अंकल कब आएँगे.” आणि मी पटकन बोलून गेले, “मी येते.” काय सुचलं मला, देव जाणे!

बाबा, एक कबुली आधीच देऊन टाकते. पहिली दोन वर्षं मी तुमचा कार्यक्रम एकदाही ऐकला नव्हता. तुम्ही रविवारी फोन करून विचारायचात, “मनू, ऐकलंस का गं?” मी म्हणायचे, “हो बाबा, मस्त झाला!” तुम्ही कधी पुढे विचारलं नाहीत, ‘काय आवडलं?’ का नाही विचारलंत? माहीत होतं ना तुम्हाला?

आई गेल्यावर चार-पाच महिन्यांत तुम्ही त्या नोएडाच्या छोट्याशा स्टेशनात जाऊन म्हणालात, दिल्लीतल्या मराठी माणसांसाठी मला एक तास द्या. सरकारी नोकरीत अख्खा जन्म फायलींवर शेरे मारलेला माणूस! आणि काय रंगवलंत! एक पाहुणा, तीन-चार गाणी, शेवटची पाच मिनिटं तुमचं चिंतन. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या निवृत्त बाई येऊन गेल्या, करोल बागेत सोनं गाळणारे सांगलीकडचे काका आले, यूपीएससीची तयारी करणारी मुलं तर रांग लावून यायची. हे सगळं मला आता कळतंय, रेकॉर्डिंग ऐकून. तेव्हा मी रागावलेली होते.

कशावर, ते आपण दोघंही कधी बोललो नाही. आई घरीच गेली, दुपारी साडेबाराला. मला तुमचा फोन आला पावणेचारला. सव्वातीन तास! मी तिथून तासा-दीड तासावर होते. तुम्ही फोनवर म्हणालात, “तुझं प्रेझेंटेशन होतं ना, म्हटलं होऊ दे.” प्रेझेंटेशन! मी पोचले तेव्हा आईचा हात गार पडला होता आणि खोलीत शेजारपाजारचे पंधराजण होते. मला माफ करता आलं नाही तुम्हाला. दिवाळीला येत होते, औषधं आणत होते, पण तुमच्याशी बोलत नव्हते. बोलत होते म्हणजे, हवापाण्यावर.

मग तो शनिवार आला. सकाळी सात वाजता तुमचा फोन. “मनू, आजच्या गायिकेचा घसा बसलाय. एक शब्द फुटत नाहीये तिच्या तोंडून. तू काल माझ्या घरीच राहिलीयेस, दहा मिनिटांत स्टेशनवर पोचशील. येतेस?”

“बाबा, मी काय बोलू? माझं मराठी ऐकून लोक हसतील.”

“हसू देत. सकाळी आठला हसणं चांगलं.”

मी आले. चिडतच आले. तुम्ही मला पाण्याचा ग्लास दिलात, हेडफोन दिलात आणि लाल दिवा लागल्यावर एकदम वेगळ्याच, मोकळ्या आवाजात म्हणालात, “या, बसा! आज पाहुणी घरचीच आहे.” मी माझी ओळख करून देताना म्हटलं, “मी लहानपणी आर. के. पुरमला राहायची.” तुम्ही तिथेच, लाइव्ह, मला टोकलंत! “राहायची नाही, राहायचे.” काचेपलीकडे राजबीरसुद्धा हसला, काही न कळता.

पहिला अर्धा तास छान गेला. सरकारी क्वार्टर्स, तिथला गणपती, शाळेत हिंदी आणि घरात मराठी. मग तुम्ही विचारलंत, “आईचं काय आठवतं?”

सहज विचारलंत. बिल्कुल सहज. आणि माझं काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, “बाबा, तुम्ही मला त्या दिवशी लगेच फोन का केला नाहीत?”

 राजबीरनं काचेतून हात वर केला, गाणं लावू का म्हणून. तुम्ही मानेनंच नको म्हणालात. किती वेळ गेला? रेकॉर्डिंगमध्ये मी परवा मोजले, अकरा सेकंद. रेडिओवर अकरा सेकंद म्हणजे लोकांनी सेट बंद पडला समजून थापडा मारल्या असतील.

मग तुम्ही म्हणालात, “प्रेझेंटेशन हे निमित्त होतं, मनू. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर तपासून गेले, म्हणाले, मुलीला कळवा. मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. तुला कळवलं असतं, की सगळ्यांना कळलं असतं. माणसं आली असती, तयारी सुरू झाली असती. मला तिच्याजवळ अजून थोडं बसायचं होतं. एकट्याला. तुझ्या वाट्याचा वेळ मी घेतला. चूक झाली.”

“काय केलंत तेवढा वेळ?”

“तिला पेपर वाचून दाखवला. रोज दाखवायचो ना, तिचे डोळे गेल्यापासून. त्या दिवशीचा राहिला होता.”

  मी कसंबसं विचारलं, “कुठली बातमी?”

“सगळाच पेपर. अगदी टेंडर नोटिसासुद्धा.”

आणि मी हसले, बाबा! रडत रडत, माइकसमोर, शेंबूड पुसत हसले. टेंडर नोटिसा! तुम्हीही हसलात. त्या दिवशी चिंतन झालंच नाही. तुम्ही फक्त म्हणालात, “आज एवढंच,” आणि राजबीरनं गाणं लावलं.

दुपारपर्यंत तुमचा फोन वाजत होता. मला सगळ्यात लक्षात राहिली ती राजेंद्र नगरच्या पीजीत राहणारी, हिंगोलीची मुलगी. यूपीएससीत तिसऱ्यांदा नापास झाल्याचं तिनं महिनाभर घरी सांगितलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर वडिलांना फोन केला म्हणाली. ते म्हणाले, “गाडीत बैस आणि चार दिवस घरी ये. मग ठरवू.” तुम्ही तिचा निरोप मला दोनदा वाचून दाखवलात. डोळे भरून आले होते तुमचे आणि तुम्ही चष्म्याला दोष दिलात.

त्यानंतर वर्षभर, जमेल त्या शनिवारी मी आले. तुमच्यासोबत पोहे खाल्ले, भांडले, व्याकरण शिकले. एकच वर्ष. आधीची दोन मी वाया घालवली, याचं दुःख कुठे ठेवू? तुम्ही तरी आधी का बोलला नाहीत? श्रोत्यांसमोर जे पाऊण तासात बोललात, ते जेवणाच्या टेबलावर बोलायला काय हरकत होती? पण मी तरी कुठे विचारलं होतं! आपण दोघंही एकाच मातीचे.

शेवटच्या नऊ दिवसांत तुमची वाचा गेली. इतका बोलणारा माणूस, आणि नुसते डोळे. मी हॉस्पिटलात तुमच्याजवळ बसून बडबडायचे. चुकीचं मराठी बोलले की तुमच्या कपाळाला आठी पडायची. नर्सला वाटायचं, दुखतंय. मी म्हणायचे, “नहीं सिस्टर, ग्रामर है.”

उद्या पाहुण्या आहेत वसईच्या फिलोमिनाताई. चाळीस वर्षं दिल्लीत नर्स होत्या. काल फोनवर मला म्हणाल्या, “बाय, मला भाषण येत नाही गो.” मी म्हटलं, “मलाही नाही.” मग आम्ही अर्धा तास बोललो. प्रश्न लिहून काढलेत, गाणी राजबीरला कळवलीत. चिंतनाचं मात्र पान कोरंच आहे. तुम्ही कागदावर काही लिहून ठेवायचा नाहीत, हा तुमचा आळस मला फार महागात पडणार आहे, सांगून ठेवते!

बाबा, तुमच्यासारखा मला जमणार नाही कार्यक्रम. पण एक वचन देते. उद्या मी अडखळले, शब्द चुकले, फोन करणाऱ्यांनी ‘काकांची सर नाही’ म्हटलं, तरी पुढच्या शनिवारी सकाळी आठला मी परत तिथे असेन. आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही.

तुमची,
मनू