कैफियतीतला पहिला शब्द

बारामती, गुरुवार संध्याकाळ, १९३४

माझे पक्षकार का आटले, ते आज इंदापुरात कळलं. वर्षभर मी मंदीला आणि तिथल्या त्या नव्या वकिलाला शिव्या घालतोय, आणि आज त्याच्याच ओट्यावर अंथुर्ण्याचे तात्या बसलेले! ज्यांचा बांधाचा दावा मी जिंकून दिला, ते तात्या! न राहवून विचारलं, "तात्या, माझं काय चुकलं?"

"दावा तुमी जिंकून दिला, व्हय. पर भर कोर्टात, व्याह्यादेखत, मला अडाणी म्हनला. ह्ये वकील तसं म्हनत न्हाईत. गावात समद्यास्नी ठावं हाय."

अडाणी! अरे, तो तर नुसता मुद्दा होता. पक्षकार अडाणी म्हटला की मुन्सफ नरमतात, म्हणून मी प्रत्येकासाठी तोच मांडतो. प्रत्येकासाठी? होय, प्रत्येकासाठी.

घरी आल्या आल्या पणदऱ्याच्या प्रतिवादी पक्षकाराची उद्या कोर्टात द्यायची कैफियत उघडली. पहिलंच वाक्य, माझ्याच अक्षरात: "प्रतिवादी अडाणी असून..." शब्द खोडला. पण त्या जागी काय लिहू? तीनदा समोर बसून गेलेल्या त्या माणसाबद्दल मला दुसरं काहीच ठाऊक नाही.