नाटकाचा रंग

१७ जानेवारी १९९६, बुधवार
रोजनिशी लिहायची मला सवय नाही. पण आज शाळेत माझ्या हातून जे झालं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

स्नेहसंमेलनात नववीच्या मुली 'रोमन घरातला शृंगार' दाखवणार आहेत. कल्पना माझीच. मालकीण आरशापुढे बसते. दासी चेहऱ्याला खडूची पूड लावतात, भुवयांना काजळी, मानेला अत्तर. डाग झाकायला कातड्याची चंद्रकोर चिकटवत, हे सांगितलं तेव्हा मुली हसल्या. मालकीण होणारी हर्षदा हसली नाही. "बाई, दासी ते बाहेर सांगायची का?" मी म्हटलं, दासीला कोण विचारतं!

आज तालमीला ती पावडर थापून आली. धुऊन ये म्हटलं. "नको ना, बाई." मी मुख्याध्यापिका, आणि मला नको? मीच ओला रुमाल घेतला आणि पुसलं.

गालावर रुपयाएवढा पांढरा डाग. कोड.

कुणीतरी खिदळलं.

१८ जानेवारी
हर्षदा गैरहजर. शाळेत पावडर चालत नाही, हा नियम आहे. मग मला जेवण का जाईना?

२० जानेवारी
हर्षदाची आई आली — शोभाबाई, गोडादरा वस्तीतल्या. घरी साड्यांना लेस लावतात. भांडतील म्हणून मी तयारीत होते. भांडल्या नाहीत! थोरल्या मुलीचं, जयश्रीचं लग्न जवळच्या चलथाण गावात ठरलंय. मुलगा साखर कारखान्यात. मुलींनी बोभाटा केला, तो तिथवर गेला. "घरमा कोड शे का, इचारतस. काय सांगू?"

खरं सांगा, म्हटलं. कोड संसर्गाने होत नाही.

"बाई, तुमनं खरं तुमना घरमा चालस." मग हळूच — "तुम्ही लिखी द्या ना. नाटकना रंगमुळे भाजाय गयं. पोरीसपेक्षा तुमना सबद मोठा."

मी? खोटं? तेही शाळेच्या कागदावर! निघा म्हटलं. निघाल्या. दारात नमस्कार करून गेल्या — तो कशासाठी?

२१ जानेवारी, रविवार
रोमन बायका गोरं दिसायला शिशाचा सफेदाही लावत. विषारी! कॉलेजात पेपरात मी त्याला 'निव्वळ मूर्खपणा' लिहिलं होतं, चांगले गुण मिळाले होते. आज तो शब्द लिहवत नाही. नियम माझा, रुमाल माझा. लग्न मोडणार जयश्रीचं! तिला तर मी पाहिलंही नाही. काही कळत नाही.

२२ जानेवारी
शोभाबाईंना दिलं: शाळेच्या लेटरहेडवर पत्र, एक. मजकूर — तालमीत मी आणलेल्या रंगाने कु. हर्षदा हिचा गाल भाजला, डाग त्याचाच, चूक सर्वस्वी माझी. खाली सही, हुद्दा, तारीख. शिक्का मीच मारला.