शर्वरीचे घारे डोळे

मलकपेठ, हैदराबाद

तीर्थस्वरूप इंदुताईस,

धाकट्या एकनाथाचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर उठायला आता खुर्ची धरावी लागते, तरी नमस्कार खरा आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? पुष्करच्या लग्नाच्या आठवड्यात ते फार दुखत होते, म्हणून येता येत नाही, असं तू कळवलं होतंस. त्याला तीन वर्षं झाली, एव्हाना उतार पडला असेल. नांदेडचा उकाडा काय म्हणतो?

पत्राचं कारण म्हणजे पुष्करची मुलगी, शर्वरी. सव्वा वर्षाची झाली आणि डोळे घारे आहेत. पुष्करचे काळे, सूनबाई लावण्याचे काळे, माझे तर तव्यासारखे. पोरीला घेऊन खाली उतरलो की इस्त्रीवाले चाचा विचारतात, "मास्टरसाब, बच्ची की आंखाँ किसपे गयीं जी?" पस्तीस वर्षं मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाने यावर गप्प बसावं का? मी तिथेच उभ्याउभ्या धडा घेतला. काही गुण प्रभावी, काही अप्रभावी. प्रभावी गुण एकाच बाजूने आला तरी मिरवतो. अप्रभावी बिचारा पिढ्यानपिढ्या कोपऱ्यात मुकाट बसून असतो, आणि आई-बाप दोघांकडूनही आला तरच तोंड दाखवतो. (डोळ्यांच्या रंगाचं प्रकरण खरं तर याहून गुंतागुंतीचं आहे, पण चाचांची इस्त्री तापली होती.) चाचा म्हणाले, "मतलब दोनों घराँ में कोई तो था." तेव्हापासून जिवाला चैन नाही.

म्हणून रविवारी टॉर्च घेऊन दिलसुखनगरला व्याह्यांकडे गेलो. विहीणबाईंना मराठी येत नाही आणि माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं. त्यांना खिडकीशी बसवून "कळ्ळु, कळ्ळु" (म्हणजे डोळे, डोळे) असं म्हणत मी त्यांच्या डोळ्यांवर टॉर्च धरला. त्यांना वाटलं, मी मोतीबिंदूच्या शिबिराकडून आलोय. "ऑपरेषन वद्दु!" (म्हणजे नको, नको) असं ओरडत त्या देवघरात शिरल्या आणि आतून कडी लावली. शेवटी लावण्याला फोन करून बोलवावं लागलं. तिने दाराबाहेरून आईची अर्धा तास समजूत काढली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामय्या, एवढंच होतं तर मला विचारायचं ना. माझ्या आजीला, अम्मम्माला, पिल्लि कळ्ळु होते. मांजरासारखे." विहीणबाई बाहेर आल्या, मला कॉफी दिली आणि समोर बसून आपल्या आईबद्दल बोलत राहिल्या. किती तरी वेळ. मला त्यातलं निम्मंच कळलं, पण ऐकता ऐकता कॉफी गार झाली.

म्हणजे लावण्याची बाजू लागली. आता पुष्करची. माझी सुशीला गेली, पण तिचे डोळे मला चांगले ठाऊक आहेत, काळेभोर. तिच्या माहेरीही तेच. (तिघी बहिणींकडून फोटो मागवले. एकीने गॉगल लावून पाठवला.) आपल्या बाबांचे माझ्यासारखेच. राहिली आपली आई. तिचा एकुलता एक फोटो, तोही काळापांढरा, आणि त्यात नेमकी पापणी मिटलेली. तिला पाहिलेलं माणूस आता तू एकटीच. तेव्हा निव्वळ शास्त्रासाठी एका ओळीत कळव, आईचे डोळे कोणत्या रंगाचे होते? बाकी काही नाही.

तुझा,
एकनाथ

ता. क. पुष्करने शर्वरीचा फोटो तुला पाठवला होता. तू पाहिलास, त्याच्या फोनवर निळी खूण उमटली. उत्तर आलं नाही. लावण्या दोन दिवस त्याचा फोन उघडून बघत होती.

आणखी एक. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची, मी तीन. दर भाऊबीजेला ओवाळताना तू विचारायचीस, "एकनाथा, आई आठवते ना रे?" आणि मी हो म्हणायचो. ताई, ते खोटं होतं. मला काहीच आठवत नाही. ही पोर माझ्याकडे टक लावून बघते, तेव्हा माझ्याकडे कोण बघतंय हे मला कळत नाही. तेवढं सांगायला ये. उत्तर लिहू नकोस, ये. दुपारी चारला ती झोपून उठते. तेव्हा नीट बघू देते.