झोपलेला तळ

३ तारीख, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला. पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही मोबाईलवर खेळ खेळायची. ताईला हसू आवरेना. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती अंथरुणात पडल्या पडल्या हाच खेळ खेळायची आणि मी तिला रिकामटेकडी म्हणायचे. आता रिकामटेकडं कोण, असं तिनं विचारलं. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे बोट तिसऱ्या कुणाकडे दाखवायचीही सोय नाही.

ऑफिस फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चौदा टेबलं, प्रत्येकावर स्टँडला घट्ट बसवलेला फोन. खेळात प्रत्येकाचा एक तळ असतो, त्यात धान्य, तेल आणि लाकूड यांच्या कोठ्या. सैन्य घेऊन दुसऱ्याच्या तळावर धाड घालायची आणि हाताला लागेल ते आणायचं. ज्यांना हौस आहे पण वेळ नाही, अशांसाठी आम्ही आपापल्या तळावरून लुटायचं आणि पैसे घेऊन लूट त्यांना पाठवायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. खेळात नावं नसतात, नुसते आकडे. माझा तळ ९०२६, माझ्या स्वतःच्या फोनवरही तोच उघडतो.

५, बुधवार

आमच्या साहेबांना सगळे मागून मुकादम म्हणतात. त्यांनी आज गुपित सांगितलं. जागत्या तळाच्या नादी लागायचं नाही, झोपलेला शोधायचा. मालकानं महिनोन्महिने खेळ उघडलेला नसतो, कोठ्या भरलेल्या असतात आणि उलटून कुणी येत नाही. असा तळ सापडला की त्याचा आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. त्याला शेत म्हणतात. मग चौदाही टेबलं पाळीपाळीनं तिथे जातात, आधी धान्य, मग तेल, मग लाकूड. जो शेत शोधेल त्याला खिडकीजवळची खुर्ची.

शेजारी शिवणकाम सोडून आलेली एक बाई बसते, तिला सगळे शिंपीणबाईच म्हणतात. ती दोन वर्षं पंख्याच्या खडखडाटाखाली बसून आहे. मी म्हटलं, बघ, महिन्याच्या आत खिडकी माझी.

७, शुक्रवार

महिना कसला, दोन दिवस. तळ ४४७१. वर्षभर मालकाचा पत्ता नाही आणि कोठ्या ओसंडून वाहतायत. तटबंदीच्या कोपऱ्यात दोन झोपड्या एकमेकींना चिकटून बांधल्यात, लढाईत ज्यांचा काडीचा उपयोग नाही. मालक हौशी दिसतो आणि थोडा बावळटही. दुपारी साडेबाराला पहिली धाड मीच घातली, धान्याची कोठी साफ केली आणि फळ्यावर आकडा ठळक लिहिला. खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीत वाळणाऱ्या चादरी दिसतात. छान वारा येतो.

ताई संध्याकाळी जेवली नाही. भूकच मेली म्हणाली. दुपारी काहीतरी चरली असणार, दुसरं काय.

१०, सोमवार

नवलच आहे. शनिवारी आम्ही ४४७१ धुऊन काढला होता आणि आज कोठ्या परत भरलेल्या. झोपलेला तळ असा एका दिवसात भरत नाही. मुकादम इतके खूश की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. आज तेल. मी एकटीनंच सहा धाडी घातल्या.

घरी ताई सुईत दोरा ओवत बसली होती. चष्मा तीनदा पुसला, तरी सुईचं नाक काही सापडेना. डॉक्टरांनी डोळे तपासले, तर सगळं उत्तम. काल रविवारी मी तिला जवळ बसून पोटभर भरवलं होतं, तेव्हा चांगली टवटवीत होती.

१२, बुधवार

आज लाकूड.

घरी आले तर ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली. पाय उचलेनात. किती वेळ अशी बसलीस विचारलं, तर म्हणाली, साडेबारापासून. आमची धाड साडेबाराला सुरू होते. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

गेलं नाही.

१३, गुरुवार

रजा घेतली. सकाळी ताईला चमच्यानं दूध-पाव भरवला. गालावर रंग आला, जरा बोललीही. साडेबाराला चमचा तोंडात असतानाच तिचा चेहरा रिता झाला. दूध हनुवटीवरून ओघळलं आणि तिला ते कळलंही नाही.

मग आठवलं. गेल्या वर्षी याच पलंगावरून तिनं मला हाक मारली होती. बघ गं, कोपऱ्यात दोन झोपड्या बांधल्यात, एक तुझी, एक माझी. मी भाजी निवडत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तिचा जुना फोन कपाटातून काढला, चार्ज केला. खेळ न उघडताच पडद्यावर खेळाच्या चित्राखाली तळाचा आकडा दिसतो. ४४७१.

सकाळी मी भरवते. दुपारी आम्हीच काढून नेतो.

१४, शुक्रवार

मुकादमांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, रोज पिकणारं शेत कुणी सोडतं का, मालक जागा झाला तरी सोडायचं नाही. मी फळ्यावरचा आकडा तळहातानं पुसला. शिंपीणबाई मान खाली घालून म्हणाली, उपयोग नाही गं, आता सगळ्यांना पाठ झालाय.

खुर्ची सोडून आले. परत जाणार नाही. तेरा टेबलं उरलीच.

१५, शनिवार

सकाळी फोन ताईच्या हातात दिला आणि तिचं बोट धरून खेळ उघडला. तळ जागा झाला. पहिल्यांदा यादी आली, कुणी कुणी लुटलं त्याची. पहिली धाड माझी, म्हणून सगळ्यात वर ९०२६. प्रत्येक आकड्यापुढे लाल बटण, बदला.

ताई डोळे बारीक करून म्हणाली, हा मेला कोण आणि मी त्याचं काय घोडं मारलंय. तिनं बटण दाबलं.

दुपारी तिनं मागून जेवण घेतलं. दोनदा. मला रडू आवरेना. माझ्या ताटातलं मात्र तसंच राहिलं. भूक नाही.

१६, रविवार

ताई काठी न घेता गच्चीपर्यंत जाऊन आली.

मला घड्याळाचे काटे नीट दिसत नाहीत. म्हणजे आज तेल.

एक शब्द सांगितला तर ती थांबेल. माझ्या फोनवरून माझ्या तळाला कुलूपही लावता येतं; ताईच्या तळाला लागत नाही, इतक्या धाडी पडलेल्या तळाला खेळ कुलूप देत नाही. पण तेरा टेबलं थांबणार नाहीत. टेबलं तिच्यातून नेतात आणि ताई माझ्यातून भरते. मी दार लावलं तर तिनं काय खायचं? शेत म्हणून तिला फळ्यावर मी लिहिलं, माझ्या हातानं, ठळक अक्षरात, एका खुर्चीसाठी.

सांगितलं नाही.

१७, सोमवार

पाय गेले. ताईनं उचलून पलंगावर घेतलं, एवढी ताकद आलीय तिला. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम. ती म्हणते माझं दुखणं तू काढलंस, आता तुझं मी काढीन. एका हातानं भरवते. दुसऱ्या हातात फोन.

भीती वाटते. फार भीती वाटते. पण तिचे गाल—

१९ असेल

ओळी दिसत नाहीत, अंदाजानं लिहितेय. ताई म्हणते ९०२६चा मालक झोपलाय बहुतेक, उलटून येतच नाही, बिचारा बावळट. आणि रोज भरतो. कारण ती रोज मला भरवते— तिला माहीत नाही— कळू नये—

वार माहीत नाही

ताई शेजारी आहे. आवाज खणखणीत. भूक लागली म्हणतेय. ९०२६मध्ये एकच कोठी उरलीय, सोडून देऊ का त्याला, दया येते म्हणे—

नको म्हटलं. घे. सगळं घे, ताई, फक्त माझा हात धरून ठेव, म्हणजे मला—