तक्रारींची एकच जागा

तीर्थरूप आत्यास नमस्कार (वाकून केलाय असं समज, खुर्चीत बसून बसून कंबर हल्ली वाकत नाही). तुझा रक्तदाब ताब्यात आणि काका तुझ्या ताब्यात असतील, अशी खात्री आहे. पत्र लिहायचं कारण, तुझा भाचा मोठा माणूस झाला. आमच्या कंपनीच्या, दुकानदारांची बिलं करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोमवारी बाहेर पडायची आहे आणि साहेबांनी ती सगळी माझ्या गळ्यात घातली आहे.

सॉफ्टवेअर म्हटलं की चुका आल्या, आणि चुका आल्या की त्या लिहायच्या कुठे हा प्रश्न आला. आमच्याकडे ज्याची त्याची वेगळी चूल. टेस्टिंगच्या बाई एक्सेलमध्ये लिहीत, प्रोग्रामर एका वेबसाइटवर, डिझायनर काचेवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवी (एसीच्या वाऱ्याने चिठ्ठी पडली की चूक दुरुस्त झाली असं धरी), आणि साहेब गाडी चालवता चालवता फोनवर बोलून पाठवत. एकाच चुकीमागे चौघे लागत आणि बाकीच्या चुकांना कुणी वाली नसे. मी हे सगळं एका झटक्यात बंद केलं. वेबसाइट तेवढी ठेवली, शिस्त म्हणून सगळ्यांना प्रवेश नव्याने मी स्वतः दिला, आणि जाहीर केलं की इथे लिहिलेली तीच चूक, बाकी सगळ्या गप्पा.

आणि काय सांगू, चुका थांबल्याच. यादी कोरी करकरीत. साहेबांनी सर्वांदेखत माझी पाठ थोपटली. माझ्या नुसत्या धाकाने सॉफ्टवेअर सुधारलं, असं वाटून मी हात मागे बांधून ऑफिसभर फिरत होतो. तेवढ्यात टेस्टिंगच्या बाई टेबलाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला फक्त वाचायची परवानगी दिलीय. लिहायची कुणालाच नाही."

ती दिली, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत यादीचं मारुतीचं शेपूट झालं. त्यात बाईंनी चूक लिहायची, प्रोग्रामरने 'आमच्याकडे तर चालतंय' म्हणून ती बंद करायची, बाईंनी पुन्हा उघडायची, असा दिवसभर खेळ. शेवटी साहेबांनी मला आत बोलावलं. हे मिटलं नाही तर सोमवारच्या आत सगळं काम बाईंकडे जाईल, म्हणाले. पण मी काय तुझ्या माहेरचं नाव घालवणार? जागा मी बरोबरच निवडली आहे, तिथे बसायला फक्त एक खमकं माणूस हवं आणि ते माझ्याकडे आहे, असं मी ठणकावून सांगितलं. साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. खरंच अभिमान वाटला गं स्वतःचा.

काकांनाही नमस्कार सांग.

तुझा कर्तबगार भाचा

ता. क. ते माणूस म्हणजे तू. घरातली एकही तक्रार तू कधी विसरली नाहीस, आणि समोरच्याने कबूल केल्याशिवाय मिटवलीही नाहीस. मोठ्या काकूंनी परत न केलेला डबा अजून तुझ्या दप्तरी जिवंत आहे. आमचे प्रोग्रामर तुझ्यापुढे टिकायचे नाहीत. सोमवारपर्यंत येऊन बस, खुर्ची मऊ आहे.

ता. ता. क. मी महिनोन्महिने फोन करत नाही, ही तुझी तक्रार बाबांकडून कळली. ती रास्त आहे. मी ती यादीत सगळ्यात वर, माझ्या नावावर चढवली आहे, आणि ती बंद करायचा अधिकार फक्त तुला ठेवलाय. त्यासाठी तरी ये.